हिशोब मागणारे मास्तर : गोपाळ कृष्ण गोखले

१९ फेब्रुवारी म्हटलं की महाराष्ट्रात शिवजयंतीची धामधूम असते. याच तारखेला, १९१५ साली, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचं निधन झालं. वय अवघं ४८. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख दोन ओळींत उरकते: मवाळ पुढारी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू. परीक्षेला तेवढं पुरतं. पण गोखल्यांनी जन्मभर जे काम केलं, ते या दोन ओळींत येत नाही. ते काम म्हणजे सरकारकडे हिशोब मागणं. रयतेकडून पैसा किती घेतला, तो कुठे गेला, आणि त्यातून रयतेच्या वाट्याला काय आलं? हे प्रश्न त्यांनी अशा सभागृहात विचारले, जिथे त्यांच्या बाजूला बहुमत कधीच नव्हतं.

भावाचे आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. घरची परिस्थिती बेताचीच. वडील कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये वडील वारले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव स्वतः शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचे. म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार भावाच्या तालमीवर, आणि उरलेल्या सात रुपयांत सगळं घर.

आठ रुपयांत महिना काढायचा म्हणजे पै-पैचा हिशोब आलाच. गोखले कोल्हापूर, पुणे आणि मुंबई असं शिकत गेले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळायची, वकिलीची वाटही उघडी होती. घरच्यांची अपेक्षाही तीच असणार. पण १८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. ही शाळा चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी उभी केलेली. पुढे गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले, म्हणजे कमी पगारावर वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी त्यांनी पत्करली. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे लागेल ते विषय शिकवले. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक देशभर चाललं आणि वेगवेगळ्या भाषांत गेलं.

आपण शिक्षक मंडळी एक गोष्ट जाणतो. मुलांना गणित शिकवताना उत्तर बरोबर आलं की काम संपत नाही, पायऱ्या दाखवाव्या लागतात. गोखल्यांनी पुढे कायदेमंडळात नेमकं हेच केलं.

रानड्यांची शिकवणी

याच काळात त्यांची गाठ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी पडली. रानडे हे फार कडक उस्ताद. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रकं, जमीन महसुलाचे आकडे, लष्कराचा खर्च असा सगळा कागद ते गोखल्यांकडून वाचून घ्यायचे. त्यावर टिपण लिहायला लावायचे आणि मग त्यातल्या चुका काढायचे. आकडा कुठून घेतला? मागच्या वर्षी तो किती होता? सरकार यावर काय उत्तर देईल? या सगळ्याची तयारी झाल्याशिवाय अर्ज पुढे जायचा नाही. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक गोखल्यांच्या हाती आलं, तेव्हा ही शिस्त लेखनातही उतरली. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. तोवर शिष्य तयार झाला होता.

त्या तयारीची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लंडनला लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेलं वेल्बी कमिशन तिथे बसलं होतं. दादाभाई नौरोजी या कमिशनचे सभासद होते. हिंदुस्थानातून साक्षीला गेलेल्यांत दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर आणि गोखले होते. गोखल्यांचं वय तेव्हा तीस-एकतीस. उलटतपासणी कसून झाली. लष्करावर किती जातं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारावर किती जातं, आणि शाळांच्या वाट्याला किती कमी येतं, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. साक्ष गाजली.

एक माफी

पण त्याच दौऱ्यात एक गोष्ट घडली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कडू ठरली. पुण्यात प्लेगची साथ होती. घराघरांत शिरून तपासणी करायला गोरे सोल्जर लावले होते. त्यांच्या वागण्याबद्दल पुण्यातल्या परिचितांनी गोखल्यांना पत्रं लिहिली. बायकांवर अत्याचार झाल्याचंही त्यांत होतं. गोखल्यांनी ते इंग्लंडमध्ये जाहीर केलं. तिथे खळबळ उडाली आणि मुंबई सरकारने पुरावा मागितला.

गोखले परतले तेव्हा पुण्याची हवा पालटली होती. रँडचा खून झाला होता, धरपकड चालू होती. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं सांगितली असती, तर ती माणसं अडकली असती. गोखल्यांनी नावं दिली नाहीत. नावं नाहीत म्हणजे पुरावाही नाही. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. त्या वर्षीच्या काँग्रेस अधिवेशनातही त्यांच्याबद्दल नाराजी होती.

माफी बरोबर की चूक, यावर आजही दोन मतं आहेत. पण एक गोष्ट त्यानंतर स्पष्ट दिसते. प्लेगच्या कामात ते स्वतः उतरले, आणि पुढे सभागृहात बोलताना कागद हातात असल्याशिवाय त्यांनी आरोप केला नाही. त्यामुळेच पुढच्या काळात त्यांच्या आकड्यांवर बोट ठेवणं सरकारला अवघड गेलं.

कलकत्त्याची कौन्सिल, १९०२

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई कायदेमंडळात निवडून आले. दोनच वर्षांनी फिरोजशहा मेहतांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेव्हा राजधानी कलकत्ता होती आणि व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन.

हे सभागृह आजच्या विधानसभेसारखं नव्हतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकार कोणालाच नाही. वर्षातून एकदा उभं राहायचं, भाषण करायचं आणि खाली बसायचं. प्रश्न आधी लेखी द्यावा लागे. मंत्र्याने गोलमाल उत्तर दिलं तरी त्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. ती मुभा १९०९ च्या सुधारणांनंतर आली.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. तिजोरीत सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. एवढी शिल्लक पूर्वी कधी पडली नव्हती. बाकीचे सभासद अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला.

त्यांचा मुद्दा सरळ होता. त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत देशाने दोन भयंकर दुष्काळ पाहिले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. प्लेग चालूच होता. लोक उपाशी मरत असताना सरकारची तिजोरी भरते कशी? त्यांनी पायऱ्या दाखवल्या. सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडात मोठी रक्कम भरावी लागे. रुपया घसरत होता तेव्हा ती रक्कम जड जाई, म्हणून कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. नंतर १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाचा भाव चढवला. लंडनला भरायचा बोजा हलका झाला. पण वाढवलेले कर काही उतरवले नाहीत. म्हणजे शिल्लक ही लोकांच्या बरकतीची खूण नव्हती. गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याचा तो पुरावा होता.

जी शिल्लक सरकार कर्तबगारी म्हणून मिरवत होतं, तीच गोखल्यांनी आरोपपत्र म्हणून मांडली. दुसऱ्या दिवशी देशभर त्यांचं नाव झालं.

मिठाचे आठ-आठ आणे

मिठाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. मीठ हे श्रीमंतही खातो आणि मजूरही खातो, जनावरांनाही लागतं. कर लावला तर मजुराच्या कमाईतला मोठा वाटा जातो, सावकाराच्या मात्र लक्षातही येत नाही. कर वाढला की गरीब माणूस मीठ कमी खातो, हे त्यांनी खपाच्या आकड्यांवरून दाखवलं. दरवर्षी अर्थसंकल्प आला की ते उभे राहायचे आणि पुन्हा तेच मागायचे.

आणि फरक पडला. १९०३ मध्ये मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोनवर आला. १९०५ मध्ये दीड रुपया झाला. १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची माफी वर्षाला ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली, त्यामुळे छोटे दुकानदार आणि कारकून सुटले. याचं सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही, काँग्रेसही ही मागणी कित्येक वर्षं करत होती. पण सभागृहात मंत्र्यांसमोर उभं राहून दरवर्षी आकडे मांडणारा माणूस तोच होता. हातात एकही मत नसताना पाच वर्षांत मिठाचा कर निम्म्याहून खाली आला.

लष्कराच्या बाबतीत मात्र यश आलं नाही. साम्राज्याच्या गरजेसाठी ठेवलेल्या फौजेचा खर्च हिंदुस्थानच्या शेतकऱ्याने का सोसायचा, हा त्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर कधी मिळालं नाही. मोठ्या पगाराच्या जागांवर हिंदी माणसं का नाहीत, हाही सवाल तसाच राहिला. त्यासाठी पुढे १९१२ मध्ये नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांच्या रॉयल कमिशनचे ते सभासद झाले.

शाळेचं बिल

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढाईकडे येऊ. खरं तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

१९११ च्या जनगणनेत शंभरातली जेमतेम सहा माणसं लिहिता-वाचता येणारी होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं. एका संस्थानाला जमतं ते एवढ्या मोठ्या सरकारला का जमत नाही? १९१० मध्ये गोखल्यांनी ठराव आणला. सरकारने आश्वासन दिलं, ठराव मागे घेतला गेला. पण त्यातून काही होईना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं बिलच मांडलं.

बिल किती सौम्य होतं बघा. सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. तीही सगळीकडे नाही, जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड स्वतः तयार असेल तिथेच, आणि तेही सरकारची परवानगी घेऊन. ज्या भागात निदान एक तृतीयांश मुलं आधीच शाळेत जातात, तिथून सुरुवात करायची. ज्या पालकाची कमाई महिना दहा रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाला फी नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थेचा. मुलींचा विचार नंतर करायचा होता, आणि ही या बिलाची उणीवच म्हणायला हवी.

तरीही विरोध झाला. सरकार म्हणालं, लोकांची मागणी नाही, पैसा नाही, आधी राजीखुशीने शाळा वाढू द्या. जमीनदारांना वाटलं, पोरं शाळेत गेली तर शेतात कोण राबणार? सरकारी अधिकाऱ्यांना सक्तीतून असंतोष वाढेल अशी धास्ती होती.

पाठीशी उभे राहणाऱ्यांत दोन नावं आपण लक्षात ठेवावीत. मुंबईतून निवडून आलेले तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी बिलाची जोरदार बाजू मांडली. बिहारचे मजहरुल हक, ज्यांनी पुढे पाटण्याला सदाकत आश्रम उभा केला, तेही गोखल्यांबरोबर होते. त्या काळचे जिना गोखल्यांना फार मानत. मुसलमानांतला गोखले व्हावं अशी त्यांची इच्छा होती, असं त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. गोखल्यांचीही दृष्टी मोकळी होती. १९०९ मध्ये मुसलमानांनी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितलं तेव्हा त्यांनी संशय घेतला नाही. संख्येने कमी असलेल्या समाजाची भीती समजून घ्यावी, असंच त्यांचं मत पडलं.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली. मतं मोजली गेली. बिलाच्या बाजूने १३, विरोधात ३८. बिल पडलं.

हे होणार याची गोखल्यांना कल्पना होती, आणि ती त्यांनी सभागृहात लपवली नाही. आपल्या पिढीच्या नशिबात अपयश पचवून पुढच्यांसाठी वाट करणं एवढंच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हे बिल पुन्हा पुन्हा येत राहील, याचीही त्यांना खात्री होती.

शेवटची वर्षं

१९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. थोड्या वेतनावर जन्मभर देशाचं काम करणारे कार्यकर्ते घडवायचे, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९१० मध्ये नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणं बंद करावं, हा त्यांचा ठराव सरकारला मान्य करावा लागला. १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले. गिरमिट संपलेल्या मजुरांवर तिथे वर्षाला तीन पौंडांचा कर होता. तो का, हे त्यांनी तिथल्या सरकारला समोरासमोर विचारलं. कर रद्द होईल असं त्यांना वाटलं होतं, पण तो गेला १९१४ मध्ये, गांधीजींच्या सत्याग्रहानंतर. प्रश्न विचारणं आणि रस्त्यावर उतरणं ही दोन्ही कामं एकमेकांना लागतात, हे इथे दिसतं.

मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. १९१४ मध्ये सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी राज्यकारभारातल्या सुधारणांचा एक मसुदा लिहिला. तो १९१७ मध्ये आगाखानांनी प्रसिद्ध केला. अंत्यसंस्काराच्या वेळी टिळक तिथे हजर होते. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले, त्या गोखल्यांना त्यांनी आदराने निरोप दिला.

बिलाचं पुढे काय झालं?

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या कोल्हापुरात गोखले भावाच्या पैशांवर शिकले, तेच हे कोल्हापूर. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांसाठी तसाच कायदा मंजूर करून घेतला. १९५० च्या संविधानात दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट आलं. दहा वर्षांची मुदत कधीच उलटली. अखेर शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. ३८ विरुद्ध १३ या मतदानापासून मोजली तर ९८ वर्षं लागली.

कायदा आला, पण हिशोब मागण्याचं काम संपलं नाही. अनुदानित खासगी शाळा असो की जिल्हा परिषदेची, माध्यम मराठी असो की उर्दू, प्रश्न तेच असतात. मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? वर्गखोल्यांचा निधी आला का, आला तर कुठे लागला? मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणि त्यात पाणी येतं का? आपण हे प्रश्न चहाच्या टपरीवर विचारतो, लग्नाच्या दावतीत विचारतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर रोजच विचारतो. जिथे विचारायचे तिथे मात्र फार थोडे जण जातात.

कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान ७५ टक्के सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवणं हे या समितीचं कामच आहे. अनेक गावांत पालक या समितीच्या रजिस्टरवर फक्त सही करून येतात. ग्रामसभा आहे, नगरसेवक आहे, आमदार आहे, आणि २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. गोखल्यांना १९०२ मध्ये साधा उपप्रश्न विचारायची मुभा नव्हती.

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या बैठकीला जाताना मागच्या वर्षीचा जमाखर्च आधी मागून घ्या. तो घरी बसून नीट वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. न पटणारा आकडा असेल तर त्यावर खूण करा. प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा ठेवा. मिठाच्या करासाठी गोखले वर्षानुवर्षं हेच करत होते.